तळ्याकाठच्या सांडपाण्याचा हिशेब

कोल्हापूरच्या रंकाळ्याविषयी गेल्या काही दशकांत जेवढे लिहिले आणि बोलले गेले आहे, तेवढे महाराष्ट्रातील दुसऱ्या एखाद्या तळ्याच्या वाट्याला क्वचितच आले असेल. कधी केंदाळाने पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकला म्हणून, कधी २०१२ सालाप्रमाणे सारे पाणी हिरवेगार होऊन काठावर उभे राहणेही नकोसे झाले म्हणून, तर कधी मेलेले मासे काठाशी लागले म्हणून हा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. लोक संतापतात, निवेदने दिली जातात, अधिकाऱ्यांचा पाहणीदौरा होतो, केंदाळ काढण्यासाठी यंत्रे आणि माणसे उतरविली जातात. मग पावसाळा येतो, तळे भरून सांडव्यावरून वाहू लागते आणि विषय मागे पडतो. पुढल्या उन्हाळ्यात तो पुन्हा तेथूनच सुरू होतो.

एकच काम वर्षानुवर्षे करूनही ते संपत नसेल, तर आपण चुकीचे काम करीत आहोत काय, असा प्रश्न विचारावयास हवा. केंदाळ काढणे, गाळ उपसणे, कारंजी बसविणे, काठावर बाग करणे यांपैकी एकही गोष्ट वाईट नाही. तथापि ज्या घराचा नळ उघडा राहिला आहे त्या घरातील पाणी फरशीवरून पुसत बसावे, तसा हा प्रकार आहे. रंकाळ्याचा नळ म्हणजे त्याच्या भोवती वसलेल्या दाट वस्तीचे सांडपाणी होय. श्याम सोसायटी, देशमुख हॉल, सरनाईक कॉलनी, परताळा ही नाल्यांची नावे कोल्हापूरकरांना तोंडपाठ झाली आहेत. ज्या शहरात नाल्यांची नावे लोकांना पाठ होतात, त्या शहराच्या नगररचनेत कोठेतरी मुळातच बिघाड आहे, हे उघड आहे.

हा बिघाड केवळ कोल्हापूरचा नाही. मुंबईला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला पवईचा तलाव त्या कामासाठी फार काळ उपयोगी पडला नाही, आणि पुढे त्याच्या काठी टोलेजंग वस्ती उभी राहिली तेव्हा त्याच्याही नशिबी सांडपाणी आणि जलपर्णीच आली. तळ्याच्या काठी वस्ती दाट होऊ द्यावयाची, तिच्या सांडपाण्याचा विचार मागाहून करावयाचा आणि तो करण्याची वेळ आली की पैसा नाही असे म्हणावयाचे, हा आपल्या शहरांचा परिपाठ झाला आहे. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, हा प्रश्न आपण आजवर प्रामुख्याने स्थापत्याचा मानला. वस्तुतः तो हिशेबाचा आहे. तळ्यामुळे कोणाच्या पदरात काय पडते आणि तळे बिघडल्याचा खर्च कोण सोसतो, याची मांडणी केल्याखेरीज त्याचे उत्तर सापडणार नाही.

एका भूखंडाचे गणित

प्रथम सांडपाण्याचेच गणित पाहू. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी पुरवावे आणि त्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते असे धरावे, हा आपल्याकडील पाणीपुरवठा व मलनिस्सारण योजनांचा रूढ निकष आहे. म्हणजे माणशी १०८ लिटर. तळ्याच्या काठी वीस गुंठ्यांच्या भूखंडावर एक बंगला असेल आणि त्यात पाच माणसे राहात असतील, तर तेथून दिवसाला ५४० लिटर सांडपाणी निघेल. घरामागे सेप्टिक टँक, त्यापुढे शोषखड्डा आणि भोवती झाडे असली की ते पाणी जमिनीत मुरून जाईल, आणि तळ्याला त्याचा फारसा उपद्रव होणार नाही.

आता तो बंगला पाडून त्याच जागी चाळीस फ्लॅटची इमारत उभी राहिली असे समजा. दर फ्लॅटमध्ये चार माणसे धरली तर १६० माणसे झाली आणि दिवसाचे सांडपाणी १७,२८० लिटर झाले. भूखंड तोच, परंतु सांडपाणी बत्तीसपट. शिवाय ज्या जमिनीत ते मुरावयाचे ती जमीन आता इमारतीखाली, वाहनतळाखाली आणि फरशीखाली गेली आहे. तळ्यालगत भूजलाची पातळीही वर असते, त्यामुळे शोषखड्ड्यातील पाणी खाली मुरण्याऐवजी आडवे सरकत तळ्याकडेच येते. अशा ठिकाणी सेप्टिक टँकची सांडनळी गुपचूप पावसाळी गटाराला जोडली जाते, आणि पावसाळी गटार नाल्याला मिळते. या व्यवस्थेत कोणी एक माणूस फार मोठा गुन्हा करतो असे नव्हे. प्रत्येक जण आपल्यापुरती सोय पाहतो, आणि सर्वांच्या सोयींची बेरीज तळ्यात जमा होते.

सेप्टिक टँकविषयी आपल्याकडे एक भाबडा समज आहे. टाकी बांधली म्हणजे सांडपाणी शुद्ध झाले, असे लोक मानतात. टाकीत जड मैला तळाशी बसतो आणि काही अंशी कुजतो, इतकेच. पाण्यात विरघळलेले नत्र आणि स्फुरद जवळजवळ तसेच बाहेर पडते. शेतकऱ्याला ही दोन्ही नावे खताच्या पोत्यावरून ठाऊक आहेत. जे खत उसाला वाढविते तेच शेवाळाला आणि केंदाळालाही वाढविते. माणशी दररोज निदान एक ग्रॅम स्फुरद सांडपाण्यातून जाते, असे धरले तर आपल्या त्या एका इमारतीतून वर्षाकाठी सुमारे ५८ किलो स्फुरद तळ्याकडे निघते. एक ग्रॅम स्फुरदावर तत्त्वतः सुमारे शंभर ग्रॅम सुके शेवाळ पोसले जाऊ शकते. या हिशेबाने एकाच इमारतीचे सांडपाणी वर्षाला पाच-सहा टन सुक्या शेवाळाची बेगमी करून ठेवते. नदीतील घाण निदान पुढे वाहून जाते. तळ्यात आलेले स्फुरद मात्र बव्हंशी तळाच्या गाळात साठत राहते आणि पाण्यातील प्राणवायू कमी झाला की पुन्हा वर येते. म्हणूनच तळ्याच्या बाबतीत उशिरा सुचलेले शहाणपण फार महाग पडते.

वर्षातून एकदा आणि रोज

लोकमताचे लक्ष कोठे जाते आणि कोठे जात नाही, हेही येथे पाहण्यासारखे आहे. रंकाळ्यात गणेशमूर्तींचे विसर्जन होऊ नये यासाठी कोल्हापुरात मोठी जागृती झाली आणि शेजारच्या इराणी खणीत विसर्जनाची व्यवस्था झाली. ही गोष्ट शहराला भूषणावह आहे. पण विसर्जन वर्षातून एकदा येते, ते डोळ्यांना दिसते आणि त्याचा बंदोबस्त आवाहनाने होऊ शकतो. सांडपाणी रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत येते, ते जमिनीखालून येते आणि ते बंद करण्यास आवाहन उपयोगी पडत नाही. तेथे नळ, चढउतार, वीज, कामगार आणि या सर्वांना लागणारा पैसाच हवा. दिसणाऱ्या प्रदूषणावर नैतिक संताप व्यक्त करणे आपल्याला जमते, परंतु न दिसणाऱ्या प्रदूषणाचे अंदाजपत्रक मांडणे जमत नाही.

लाभ खासगी, खर्च सार्वजनिक

अर्थशास्त्रात 'बाह्य परिणाम' अशी एक संकल्पना आहे. एखाद्या व्यवहारातील दोघांचे भागते, पण त्याचा काही भार त्या व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याच्या माथी पडतो. त्या भाराची किंमत व्यवहारात कोठेच धरलेली नसते. तळ्याकाठची बांधकामे हे या संकल्पनेचे पाठ्यपुस्तकात शोभावे असे उदाहरण आहे. तळ्याचे दर्शन घडविणारी सदनिका त्याच इमारतीतील मागच्या बाजूच्या सदनिकेपेक्षा महाग विकली जाते. हा वाढीव भाव इमारतीच्या विटांचा किंवा सिमेंटचा नव्हे. तो तळ्याचा आहे. तळे सार्वजनिक मालकीचे, त्याचा बांध आणि परिसर पिढ्यानपिढ्या सार्वजनिक पैशाने राखलेला. परंतु त्याचे मोल मात्र जमीनमालकाच्या आणि बांधकाम व्यावसायिकाच्या खात्यात जमा होते. त्याच इमारतीचे सांडपाणी तळ्यात गेल्यामुळे जो बिघाड होतो, त्याच्या दुरुस्तीचा खर्च पुन्हा साऱ्या शहराच्या घरफाळ्यातून किंवा राज्य आणि केंद्र शासनाच्या अनुदानातून करावा लागतो. ज्या वस्तीतून तळे दिसतही नाही तेथील रहिवासीही तो खर्च सोसतो.

या स्थितीत वाढीव बांधकामाला परवानगी देण्याची घाई सर्वांनाच असते. चटई क्षेत्र वाढवून दिले की अधिमूल्य मिळते, विकासशुल्क मिळते, घरफाळ्याचा पाया रुंदावतो. महापालिकेला पैसा आज मिळतो. सांडपाण्याचे देणे मात्र दहा वर्षांनी उभे राहते, आणि तोपर्यंत आजचे पदाधिकारी व अधिकारी पदावर नसतात. प्रत्येक बांधकाम परवान्याचा विचार सुटा केला जातो. एका इमारतीने तळे बिघडत नाही, हे खरेच आहे, दुसरीनेही नाही. परंतु शंभराव्या इमारतीचा परवाना देताना आधीच्या नव्याण्णव इमारतींची बेरीज समोर ठेवण्याची पद्धत आपल्या कार्यालयांत नाही. त्यामुळे तळे कोणाच्या सहीने बिघडले, हे कधीच सांगता येत नाही.

यंत्र बसले, चालले किती?

यावर ठरलेले उत्तर म्हणजे मैलाशुद्धीकरण केंद्र उभारण्याचे. केंद्र शासनाने २००१ साली राष्ट्रीय तलाव संवर्धन योजना सुरू केली, तीत रंकाळ्याचाही समावेश झाला. २०१३ साली ती योजना पाणथळ जागांच्या कार्यक्रमात विलीन करण्यात आली. कोल्हापुरात कसबा बावडा येथे दररोज ७ कोटी ६० लाख लिटर आणि दुधाळी येथे १ कोटी ७० लाख लिटर क्षमतेची केंद्रे उभी राहिली. या गोष्टी झाल्या नसत्या तर परिस्थिती याहून वाईट असती, हे मान्यच केले पाहिजे.

पण साऱ्या देशाचा अनुभव काय सांगतो? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची होती. प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३६ दशलक्ष लिटर, आणि विहित मानके पाळणाऱ्या केंद्रांची क्षमता अवघी १२,१९७ दशलक्ष लिटरची होती. यातील पहिल्या दोन आकड्यांमधील तफावत भांडवलाच्या टंचाईची आहे, हे समजू शकते. परंतु ३१,८४१ आणि २०,२३६ यांतील तफावत भांडवलाची नव्हे. यंत्रे उभी आहेत, त्यांवरील खर्च झालेला आहे आणि तरीही क्षमतेचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग वापराविना पडून होता.

असे का होते? कारण अनुदान बांधण्यासाठी मिळते, चालविण्यासाठी मिळत नाही. उदंचन केंद्रातील पंपांची वीज, रसायने, दुरुस्ती, रात्रपाळीचे कामगार हा खर्च दरमहा येतो आणि तो स्थानिक संस्थेच्या तिजोरीतून भागवावा लागतो. शिवाय केंद्रापर्यंत सांडपाणी पोचावयाचे तर घराघरातून जोडणी हवी. मुख्य वाहिनी मोठ्या समारंभाने टाकली जाते, पण गल्लीतील जोडण्या मागे राहतात, कारण त्यांच्या उद्घाटनाला कोणी येत नाही. परिणाम असा की एकीकडे केंद्र अर्धपोटी राहते आणि दुसरीकडे नाला भरून वाहतो.

पाण्याची हद्द आणि पालिकेची हद्द

दुसरी अडचण हद्दीची आहे. तळ्याचे पाणलोट क्षेत्र निसर्गाने आखलेले असते. पालिकेची हद्द माणसांनी, आणि तीही बहुधा राजकारणाने आखलेली असते. कोल्हापूर नगरपालिकेची महानगरपालिका १९७२ साली झाली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत शहर चहूबाजूंनी वाढले, परंतु त्याची हद्द जेथल्या तेथेच राहिली. शेजारच्या गावांचा हद्दवाढीला विरोध आहे, आणि तो निष्कारण आहे असे म्हणता येणार नाही. ज्या महापालिकेला स्वतःच्या हद्दीतील नागरिकांना पुरेशा सोयी देता येत नाहीत, तिचा घरफाळा आपण का भरावा, हा त्यांचा प्रश्न आहे. २०१७ साली यावर तोडगा म्हणून ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन करण्यात आले.

हा वाद कोणत्याही बाजूने सुटो. सांडपाणी त्याची वाट पाहात थांबत नाही. हद्दीबाहेर उभ्या राहिलेल्या वसाहतीत ना भुयारी गटार असते ना मैल्याचे केंद्र; परंतु तेथील उताराचे पाणी हद्द ओलांडून खाली येतेच. कळंब्यासारख्या तळ्याच्या बाबतीत तर तळे शहराच्या पाणीपुरवठ्याचे आणि भोवतालची वस्ती गावांची, अशी स्थिती आहे. तेव्हा हद्दवाढ होवो वा न होवो, प्रत्येक तळ्याच्या पाणलोट क्षेत्रापुरती सांडपाण्याची एकच योजना, एकच नकाशा आणि एकच जबाबदार यंत्रणा असलीच पाहिजे. गावांनी शहरात यावे की नाही हा स्वाभिमानाचा प्रश्न असू शकतो. पण त्यांच्या गटाराने कोठे जावे हा केवळ उताराचा प्रश्न आहे.

सिअॅटलचा धडा

पाणलोटाप्रमाणे यंत्रणा उभी करणे हे स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेतील सिअॅटल शहरालगत लेक वॉशिंग्टन नावाचे मोठे तळे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या काठी उपनगरे झपाट्याने वाढली. प्रत्येक लहान नगराचा कारभार स्वतंत्र आणि मैलाशुद्धीकरणही स्वतंत्र. पन्नाशीच्या दशकात अशा दहा-अकरा केंद्रांचे पाणी तळ्यात सोडले जात होते. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, हे पाणी कच्चे मैलापाणी नव्हते. ते शुद्ध केलेले पाणी होते. तरीही तळे बिघडले, कारण त्या प्रकारच्या शुद्धीकरणात रोगजंतू आणि कुजणारे द्रव्य कमी झाले तरी स्फुरद मोठ्या प्रमाणात शिल्लक राहते. १९५५ साली तेथील विद्यापीठातील शास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाण्यात एक विशिष्ट शेवाळ आढळले. युरोपातील काही तळी बिघडण्यापूर्वी तेच शेवाळ दिसले होते. त्यामुळे पुढे काय वाढून ठेवले आहे, याची सूचना वेळेवर मिळाली.

त्यानंतर जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. जेम्स एलिस या वकिलाने आणि इतर नागरिकांनी तळ्याभोवतीच्या सर्व नगरांसाठी मिळून एक यंत्रणा असावी अशी मोहीम चालविली. मार्च १९५८ मध्ये त्यावर मतदान झाले आणि प्रस्ताव पडला. शहराबाहेरच्या मतदारांना तो नको होता. पुरस्कर्त्यांनी हट्ट न धरता प्रस्तावाचा आवाका कमी केला, सांडपाण्यापुरतेच काम मागितले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो मंजूर झाला. रोखे काढून पैसा उभा केला गेला आणि घरोघरच्या सांडपाणी आकारातून तो फेडण्यात आला. १९६३ ते १९६८ या काळात तळ्याभोवती वाहिन्या टाकून सर्व केंद्रांचे पाणी तळ्याबाहेर वळविण्यात आले. १९६४ साली तळ्यातील पाण्यात सुमारे पाऊण मीटर खोलीपलीकडचे दिसत नव्हते. पुढे ते कित्येक मीटर खोलवर दिसू लागले.

अर्थात हा धडा आपल्याला जसाच्या तसा गिरविता येणार नाही. सिअॅटलजवळ समुद्राची खोल खाडी आहे, तेथे शुद्ध केलेले पाणी सोडता आले. रंकाळ्याचे सांडपाणी तळ्याबाहेर काढून कोठे न्यावयाचे? ते शेवटी पंचगंगेकडेच जाणार, आणि पंचगंगेच्या काठी खाली इचलकरंजी आहे, शिरोळ तालुका आहे. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची जी साथ आली तिची आठवण त्या शहरात अजून ताजी असेल. एका वस्तीचे तळे वाचवून दुसऱ्या वस्तीचे पिण्याचे पाणी बिघडविणे याला नियोजन म्हणत नाहीत. म्हणून आपल्याकडे वळविणे आणि शुद्ध करणे या दोन्ही गोष्टी एकत्रच व्हावयास हव्यात, आणि शुद्ध पाण्याचा उपयोग शक्यतो उद्योगांना व शेतीला व्हावयास हवा. उसाला नत्र आणि स्फुरद चालते, तळ्याला चालत नाही.

आणि काहीच केले नाही तर काय होते? त्याचे उत्तर बंगळूरच्या बेलंदूर तळ्याने दिले आहे. शहराच्या सांडपाण्याचा मोठा हिस्सा पोटात घेणारे हे तळे आधी फेसाळले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच्या पृष्ठभागावर आग लागलेली साऱ्या देशाने पाहिली. काठावरच्या महागड्या वसाहतींना ज्या दर्शनाची किंमत मोजून घेतले होते, ते दर्शन अखेर धुराचे आणि फेसाचे ठरले. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कर्नाटक शासनाला ५० कोटी रुपयांचा दंड केला. तो दंडही करदात्याच्याच खिशातून जावयाचा होता.

पैसा कोठून आणावयाचा?

उपाय सुचवावयाचा तो या हिशेबातूनच सुचवावा लागेल. तळ्याकाठच्या जमिनीचे मोल तळ्यामुळे वाढते, तर तळे राखण्याचा खर्च त्या वाढीव मोलातूनच उभा राहिला पाहिजे. ही कल्पना क्रांतिकारक नाही. १९१५ सालच्या मुंबई नगररचना कायद्यापासून १९६६ सालच्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमापर्यंत नगररचना योजनांमध्ये हे तत्त्व मानलेले आहे की, सार्वजनिक कामामुळे ज्याच्या जमिनीची किंमत वाढली त्याने त्या वाढीतील काही वाटा अंशदान म्हणून द्यावा. हेच तत्त्व तळ्याच्या पाणलोट क्षेत्रातील नव्या आणि वाढीव बांधकामाला लावावे, आणि त्यातून येणारी रक्कम महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत न मिसळता तळ्याच्या सांडपाण्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी. त्या खात्याचा खर्च बांधकामापेक्षा चालविण्यावर आणि घरजोडण्यांवर आधी व्हावा.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, बांधकाम व्यावसायिक हा भार ग्राहकावर टाकतील आणि घरे महाग होतील. हा आक्षेप वाटतो तितका बळकट नाही. फ्लॅटची किंमत ग्राहकाच्या ऐपतीवर आणि शेजारच्या फ्लॅटच्या किमतीवर ठरते. तळ्याकाठची जमीन मर्यादित आहे, ती वाढविता येत नाही. अशा जमिनीवर बसविलेल्या आकाराचा भार बव्हंशी जमिनीच्या किमतीतून वजा होतो, म्हणजे जमीनमालकाला मिळणारा अनर्जित लाभ तेवढा कमी होतो, हे रिकार्डोच्या काळापासून अर्थशास्त्र सांगत आले आहे. आकार आधीपासून ठरलेला आणि जाहीर असला म्हणजे जमिनीचा सौदाच तो जमेस धरून होईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाल्याच्या कडेला राहणारी गरीब कुटुंबे आणि जुन्या पेठांतील लहान घरे यांनी तळ्याचा लाभ घेतलेला नाही. त्यांच्यावर भार का? त्यांच्यावर तो पडताच कामा नये. उलट, त्यांच्या जोडण्या या खात्यातून विनामूल्य करून द्याव्यात. यात धर्मादाय काही नाही. ज्या घराला जोडणी नाही त्याचे सांडपाणी शेवटी तळ्यातच येणार आणि त्याचा तोटा काठावरच्या श्रीमंत सदनिकेलाही होणार. जे रहिवासी पूर्वीच वाढीव भाव देऊन राहावयास आले आहेत, त्यांच्याकडून एकरकमी अंशदान मागणे अन्यायाचे होईल. त्यांना वापराच्या प्रमाणात वार्षिक सांडपाणी आकार पुरेसा आहे.

पैशाइतकेच महत्त्व क्रमाला आहे. आधी तळ्याभोवतीची मुख्य वाहिनी आणि घरजोडण्या, मग केंद्राची पुरेशी क्षमता, आणि त्यानंतरच वाढीव चटई क्षेत्र, हा क्रम नियमात लिहून ठेवावा लागेल. ज्या भागाचे सांडपाणी वाहून नेण्याची आणि शुद्ध करण्याची क्षमता शिल्लक नाही, त्या भागात नव्या मजल्याला परवाना नको. जोडणी प्रत्यक्ष सुरू झाल्याचे पाहिल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र नको. पिण्याच्या पाण्याची जोडणी मिळाल्याशिवाय कोणी राहावयास जात नाही. मग सांडपाण्याच्या जोडणीला दुय्यम का मानावे? आणि तळ्याच्या पाणलोटासाठी उभारावयाच्या नव्या केंद्रांत स्फुरद काढून टाकण्याची सोय असलीच पाहिजे, अन्यथा लेक वॉशिंग्टनची चूक आपण सत्तर वर्षांनंतर पुन्हा करू.

या सर्व गोष्टींना वेळ लागेल. पण एका गोष्टीला लागणार नाही. महापालिकेने आपल्या पुढील अंदाजपत्रकासोबत प्रत्येक तळ्यासाठी एका पानाचा तक्ता प्रसिद्ध करावा. पाणलोट क्षेत्रात किती घरे आहेत, त्यांतील किती भुयारी गटाराला जोडलेली आहेत, दररोज किती सांडपाणी निघते, किती केंद्रापर्यंत पोचते, किती शुद्ध होते, गेल्या वर्षी त्या क्षेत्रात किती चटई क्षेत्र मंजूर झाले आणि त्यापोटी मिळालेल्या पैशातील किती रक्कम सांडपाण्यावर खर्च झाली, एवढे सात आकडे. त्यासाठी शासनाचे अनुदान नको की परदेशी तंत्रज्ञान नको. मात्र हा तक्ता भिंतीवर लागला म्हणजे शंभरावा परवाना देणाऱ्याला आधीचे नव्याण्णव दिसतील, आणि मतदारालाही आपण केंदाळ काढण्यासाठी पैसे देत आहोत की केंदाळ वाढविण्यासाठी, हे समजेल.